वहीत असेल तेवढंच

आमची नगर हवेलीतली गावं एका जहाजाच्या भरपाईत गेलेली आहेत. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो आणि पुढच्या विनोदाची वाट बघतो. पण प्रकार खरा आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांचं ‘सांताना’ नावाचं जहाज धरलं. पोर्तुगीजांनी तगादा लावला, सोडला नाही, आणि अखेर १७ डिसेंबर १७७९ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी दमणच्या आसपासच्या गावांतलं वर्षाला १२,००० रुपयांचं उत्पन्न त्यांना लावून दिलं. समुद्रापासून इतक्या आत, सिल्वासाशेजारी बसलेल्या रांध्याचा नौदलाशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर आम्ही हे ऐकवतो. आमचा संबंध पेशव्यांच्या काळापासूनचा आहे.

पुढची गंमत त्याहून मोठी. १९५४ साली आम्ही सुटलो. १९५५ मध्ये पोर्तुगाल थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आणि तिथं जगभरचे न्यायमूर्ती पेशव्यांच्या कारकुनानं नेमकं काय लिहून दिलं होतं यावर डोकं लावून बसले. मुलूख दिला होता की नुसता वसूल? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की मराठ्यांनी दिलं ते वसुलापुरतंच होतं, सार्वभौमत्व नव्हे. (पोर्तुगीजांना बाकीचं काय मिळालं, काय नाही, हा वेगळा विषय आहे, त्यात शिरलो तर विमान उडायचं नाही.) मुद्दा एवढाच, की जुना कागद जपावा हे नगर हवेलीतल्या माणसाला शिकवायची गरज नाही.

आता दुसरी बाजू. कागद नसला की काय होतं, तेही इथंच पाहायला मिळतं. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, राजाभाऊ वाकणकर होते, नाना काजरेकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. हे सगळं नोंदलेलं आहे. पण आमच्या भागात, आणि वापीपासून पुण्यापर्यंत, ‘आमचे आजोबाही त्या रात्री होते’ असं सांगणारी इतकी घरं मला भेटली आहेत की ते सगळे आजोबा खरोखर आले असते, तर पोर्तुगीजांना पळून जायला वाटच उरली नसती. त्या आजोबांपैकी प्रत्येकाकडे दर महिन्याला वरिष्ठाची सही झालेली एक वही असायला हवी होती.

आमच्या काकांकडे ती आहे. अडचण तिथूनच सुरू होते.

काका नौदलात वैमानिक होते. ‘नौदल’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जहाज येतं, ‘वैमानिक’ म्हटलं की हवाई दल येतं, आणि दोन्ही एका वाक्यात आलं की लोक सहानुभूतीनं विचारतात, “मग नोकरी बदलली का?” वास्तविक कोचीचा ‘आयएनएस गरुड’ हा नौदलाचा विमानतळ ११ मे १९५३ पासूनचा आहे. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट विमान उतरवलं. तेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. काकांच्या वाट्याला मात्र ॲलिझे आलं. एका इंजिनाचं, तीन माणसांचं, पंख दुमडणारं, पाणबुड्या हुडकणारं फ्रेंच विमान. जहाज पुढे चाललेलं, डेक खालीवर होणारा, विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवरच्या आडव्या पोलादी दोरात अडकला तर उतरलात. नाही अडकला तर त्याच दमात इंजिन फुल करून पुन्हा वर. काका याचं वर्णन एका शब्दात करतात : “लँडिंग.”

निवृत्तीनंतर काका रांध्याला आले, कारण मुलानं इथल्या कारखान्यात नोकरी धरली होती. अंगणात खुर्ची टाकून बसतात. आकाशात घरघर झाली की मान वर न करता “डॉर्निअर. दमणची” म्हणतात. आम्ही मान वर करून खात्री करतो आणि बहुधा ती तटरक्षक दलाची डॉर्निअरच असते.

त्यांची उड्डाणांची वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, आडवी, निळसर कापडी बांधणीची. अशा तीन. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, मुख्य वैमानिक कोण, सोबत कोण, काम काय, दिवसाचे तास, रात्रीचे तास. रात्रीचं लाल शाईनं. पानाच्या तळाशी बेरीज, ती पुढच्या पानाच्या डोक्यावर, महिना संपला की गोषवारा आणि त्याखाली वरिष्ठाची सही. खाडाखोड नाही. चूक झाली तर एकच रेघ मारून वर दुरुस्ती आणि शेजारी सही. मी शाळेत चाळीसएक वर्षांचे हजेरीपट पाहिले आहेत. असा हजेरीपट एकही पाहिला नाही.

कामाच्या रकान्यात मात्र साहित्य शोधायला जाऊ नये. ‘सराव’. ‘सराव’. ‘गस्त’. ‘सराव’. मग दोन-चार इंग्रजी अक्षरं, की पुन्हा ‘सराव’. पुढे एके ठिकाणी एडीडीएल अशी नोंद पानभर आहे. आमचा एक नातेवाईक सिल्वासाच्या सरकारी कचेरीत आहे. त्यानं ती पाहिली आणि खुलून सांगितलं, “काका ॲडिशनल होते! ॲडिशनल काय ते लिहायचं राहिलंय.” प्रत्यक्षात जमिनीवरच्या धावपट्टीवर जहाजाचा डेक आखून त्यावर उतरायची तालीम करतात, तिची ती आद्याक्षरं. नातेवाइकाचा चेहरा उतरला. त्याच्या मनात काकांचा दर्जा ॲडिशनल कलेक्टरपर्यंत जाऊन परत आला होता.

इथंच कुटुंबाची आणि वहीची गाठ पडते. कुटुंबाला इतिहास हवा असतो. वहीत तास असतात.

घरात पिढीजात चालत आलेली कथा अशी, की काकांनी १९६१ मध्ये दाबोळीवर बॉम्ब टाकून गोवा सोडवला. लहानपणी आम्ही हे वर्गात सांगितलेलं आहे. वही उघडली तर पहिली नोंदच १९६५ ची, एचटी-२ या शिकाऊ विमानाची, शेजारी शिक्षकाचं नाव. १९६१ च्या डिसेंबरात काका बारावीच्या वयाचे होते. शिवाय दाबोळीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी. ‘विक्रांत’ तेव्हा समुद्रात होती, पण ते काम तिच्याकडे नव्हतं. काकांना म्हटलं, “तुम्ही आम्हाला कधी सांगितलं का नाही?” ते म्हणाले, “मी कधी टाकला म्हणालो?” आणि खरोखरच ते कधी म्हणाले नव्हते. म्हणाले होते सगळे बाकीचे.

मग माघार घेऊन कुटुंबानं १९७१ धरलं. ते तर पक्कं होतं. ४ डिसेंबरला ‘विक्रांत’वरची सी हॉक विमानं कॉक्स बझार आणि चितगावावर तुटून पडली, आणि त्या लढाईत ॲलिझेही होती. आम्ही सगळे पुढे सरसावून बसलो, पान उलटलं. डिसेंबर १९७१ : कोची. नव्या मुलांना शिकवणं. सराव, सराव, सराव. एकानं दबक्या आवाजात सुचवलं, “गोपनीय असेल म्हणून तसं लिहिलं असेल.” काका म्हणाले, “नाही. मी कोचीतच होतो. कुणीतरी शिकवायला पाहिजे होतं.”

नौदलातली कुठलीही मोठी संख्या घ्या, ती शेवटी असल्याच वहीतून आलेली असते. ब्रिटिश नौदलाच्या एरिक ब्राऊन यांच्या नावावर जहाजावरच्या २,४०७ लँडिंगचा आणि विमानांच्या ४८७ प्रकारांचा विक्रम आहे. दोन हजार चारशेसात. ‘अडीच हजाराच्या घरात’ नव्हे. आमच्याकडे लग्नाला किती पानं उठली हे विचारलं तर तिघं तीन आकडे सांगतात आणि तिन्ही हजारांत असतात.

सगळ्यात जास्त दुःख झालं ते वार्षिक शेऱ्यांचं. दर वर्षी वैमानिकाची प्रत ठरवतात आणि वहीत लिहितात. काकांच्या पहिल्या काही वर्षांत ठळक अक्षरांत आहे : ‘सरासरी’. त्यांच्या सुनेनं ते वाचून वही हळूच मिटली. काका समजावत होते की त्या जगात सरासरी म्हणजे रात्री, पावसात, हलत्या डेकवर ज्याच्या भरवशावर दोन माणसं सोबत बसवता येतात असा माणूस, पुढे ‘सरासरीपेक्षा वर’ही आहे, आणि ‘असामान्य’ हा शेरा सहसा कुणाला मिळत नाही. ज्या घरात नातवाला ब्याण्णव टक्के पडले म्हणून दोन दिवस सुतक पाळलं होतं, त्या घरात हे पटणं शक्यच नव्हतं. काकू तेवढ्या म्हणाल्या, “लग्नाआधी ही वही दाखवली असतीत तर माझ्या वडिलांनी विचार केला असता.”

वही जपायची ठरली तेव्हा प्रत्येकाकडे स्वतःची पद्धत होती, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक पद्धत वहीच्या जिवावर उठणारी होती. धाकट्या चुलतभावानं फाटकी कडा चिकटपट्टीनं जोडली. ती पट्टी वर्षभरात पिवळी पडली आणि खालची शाई तिनं स्वतःकडे ओढून घेतली. झेरॉक्सच्या दुकानात नेली तर पोरगा उत्साहानं म्हणाला, “काका, लॅमिनेट करी दउं? जिंदगीभर काय नाय थाय!” एक सुटं पान त्यानं नमुन्याला करूनही दिलं. आता ते पान रेशनकार्डासारखं दिसतं आणि आतला कागद पुन्हा मोकळा करायचा तर तो फाडावाच लागेल. कुणी डांबराच्या गोळ्या सुचवल्या, कुणी प्लॅस्टिकची पिशवी. सिल्वासाच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कागद ठेवला तर चार महिन्यांनी बाहेर काय येईल, हे ज्याच्या घरी चामड्याचे बूट आहेत त्याला विचारावं.

काकूंनी यातलं काहीच केलं नव्हतं. इतकी वर्षं त्या वह्या लाल सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता लाकडी कपाटात ठेवत आल्या होत्या. दसऱ्याआधी सावलीत वाऱ्याला लावायच्या, कसर दिसली की ब्रशनं झटकायची. पोथीचं करतात तेच. पेशवे दफ्तरातले कागदही असे कापडी रुमालांत बांधूनच आपल्यापर्यंत आले आहेत. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घरांतली दप्तरं धुंडाळत होते, ती जिथं टिकली होती तिथं बहुतेक कुणा काकूच्या हातगुणानं टिकली असणार. इतिहासाच्या पुस्तकांत याबद्दल फारसं काही नसतं.

मग वाटून घ्यायचं काम. न्यू जर्सीच्या चुलतबहिणीला स्कॅन हवं होतं, चांगलं, तीनशे डीपीआयचं, प्रत्येक पान वेगळं, फाइलच्या नावात वर्ष आणि महिना. एवढं व्यवस्थित मागणारी ती एकटीच, म्हणून सगळ्यांना ती शिष्ट वाटली. तिला पाठवले गेले ते मोबाइलवर काढलेले फोटो. त्यात जूनच्या पानांवर पुतण्याचा अंगठा आहे, जुलैत ट्यूबलाइट आहे आणि सप्टेंबर १९६९ मध्ये पोह्यांची बशी. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पान ‘अभिमानास्पद!!’ म्हणून गेलं. काही दिवसांनी ते भलत्याच ग्रुपवरून परत आलं, तेव्हा काकांच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव होतं, त्यांनी शत्रूची दोन विमानं पाडलेली होती, आणि खाली लिहिलं होतं की हे शाळेत कधीच शिकवलं जाणार नाही. घरातल्याच एकानं त्यावर हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. हस्ताक्षर त्यानं ओळखलं नव्हतं.

तीन वह्या आणि तीन मुलं, तेव्हा वाटणीचा प्रश्न आपोआप सुटतो असं थोरल्याला वाटत होतं. पण वाटणीत ॲलिझेची वही कुणाला आणि शिकवण्याची कुणाला? पहिली कुणालाच नको होती. तिच्यात सगळीकडे शिक्षकाचं नाव आधी आणि काकांचं नंतर. शिवाय प्रत्येक वहीची पहिली बेरीज आधीच्या वहीतून आलेली. एक वेगळी केली की उरलेल्या दोन्ही अधांतरी. गोव्यात बोगमाळ्याला १९९८ पासून नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथं देऊन टाकू असंही निघालं. काका तिथं जाऊन आलेले आहेत. त्यांनी तिथल्या ॲलिझेपुढे उभं राहून फोटो काढला नाही, शेपटीवरचा क्रमांक टिपून घेतला आणि घरी येऊन वहीत शोधला.

‘विक्रांत’ स्वतः १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिचं पोलाद बजाजनं आपल्या ‘व्ही’ मोटरसायकलीत वापरलं. २०१६ मध्ये ती गाडी बाजारात येताच पुतण्यानं घेतली आणि अंगणात आणून उभी केली. “काका, तुमचं जहाज! बसा मागं, वापीपर्यंत चक्कर मारू.” काकांनी टाकीवर दोन बोटं वाजवली आणि म्हणाले, “हिच्यावर मी मागं बसून कधी उतरलेलो नाही.” गेले नाहीत.

तिसऱ्या वहीत, ऑगस्ट १९७४ च्या पानावर, हिरव्या शाईत चार ओळी आहेत. हिरव्या शाईतला शेरा म्हणजे बिकट प्रसंगी विमान नीट परत आणल्याची पोचपावती. लाल शाईतला असता तर हलगर्जीची. इतके दिवस आम्ही बॉम्ब शोधत होतो म्हणून तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. रात्रीची वेळ, समुद्रावर बऱ्याच आत, तेलाचं दडपण घसरू लागलं, इंजिन एकच. विमान पाण्यात न उतरवता दाबोळीला आणलं, तिन्ही माणसं सुखरूप. तासांच्या रकान्यात त्या दिवशीही नेहमीसारखा आकडा आहे. आम्ही काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “वहीत आहे तेवढंच. जरा कुरकुरत होतं.”

“आणि घरी काय सांगितलंत?”

“उशीर झाला म्हणून.”

काकू आत गेल्या आणि स्वतःची वही घेऊन आल्या. ही दुसरी वही घरात आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती ‘वही’ आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. वास्कोच्या क्वार्टरमधला रोजचा हिशेब : दूध, पाव, रॉकेल, मुलाच्या वह्या, मासे. त्यात त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी होतं : ‘नारळ १, दामोदर.’

काका म्हणाले, “सप्ताहाचा असेल.” वास्कोच्या दामोदराचा सप्ताह श्रावणातच असतो.

“सप्ताह केव्हाच उरकला होता,” काकू म्हणाल्या. “शेजारच्या बाईंनी रात्रीच येऊन सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात उशीर झाला, मी म्हटलं झाला तर झाला. जेवण गरम केलं.”

काकांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. आधीच्या वाचल्या, नंतरच्या वाचल्या. मग म्हणाले, “बाकी सगळ्याची किंमत लिहिली आहेस. नारळाची लिहिली नाहीस. बेरीज कशी लागली?”

आता न्यू जर्सीला दोन्ही वह्यांचे स्कॅन जाणार आहेत, तारखेला तारीख लावून. ती म्हणते, खरा इतिहास दुसऱ्या वहीत आहे. थोरल्याला हे मान्य नाही. पण काकूंच्या वहीची वाटणी कशी करायची हे त्यानं विचारून ठेवलं आहे.

दरम्यान आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे. तिचे संपादक पुण्याचे. छापील फॉर्ममध्ये रकाने : शिक्षण, नोकरी, अपत्ये, विशेष. मर्यादा तीन ओळींची. नोकरीपुढे काकांनी ‘भारतीय नौदल, वैमानिक’ लिहिलं आणि ‘विशेष’पुढे एकूण तास, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, रात्रीचे लाल शाईनं. संपादकांचा फोन आला. म्हणाले, “बाकी सगळं समजलं. हे तास कसले? ओव्हरटाइमचे का?”

पुस्तक आलं तेव्हा त्यात होतं : ‘नौदलात व हवाई दलात नोकरी. गोवामुक्तीत सहभाग.’ काकांनी पट्टी घेतली, दोन्ही वाक्यांवर एकेक सरळ रेघ मारली, वर बारीक अक्षरांत बरोबर मजकूर लिहिला, शेजारी सही आणि तारीख घातली. पुस्तक कुरिअरनं पुण्याला परत गेलं आहे. दुरुस्तीवर संपादकांची प्रतिसही पाहिजे, असं सोबतच्या चिठ्ठीत आहे.